रिंगा टाकायच्या की इंजिन बांधायचं? एका मॉरिस मायनरचं प्रकरण

गाडी मॉरिस मायनर १०००, १९५९ चं मॉडेल. मित्राला ती मामांकडून मिळाली. मामांनी ती जिवापाड सांभाळली, पण शेवटची सात वर्षं ती शेडमध्ये कापडाखाली उभीच होती. मित्राने बॅटरी बदलली, टाकी आणि कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल भरलं आणि चावी फिरवली. इंजिन चालू झालं खरं, पण मागे निळ्या धुराचा पडदा उभा राहिला. महिनाभर त्याने ती जवळपास फिरवली. चारशे किलोमीटरमागे लिटरभर ऑइल गायब होत होतं. चढावर दम नव्हता, आणि इंजिन गरम झालं की सिग्नलला थांबल्यावर ऑइलचा दिवा मिणमिणायचा.

त्याने दोन मेस्त्रींना गाडी दाखवली. पहिल्याने धूर पाहिला, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा मारला आणि म्हणाला, "रिंगा गेल्यात. हेड काढू, रिंगा टाकू, व्हॉल्व्ह घासू, आठवड्यात गाडी घेऊन जा." (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, सिलेंडरच्या भिंतीला चिकटून गॅस आणि ऑइल अडवणाऱ्या.) दुसऱ्याने गाडी चालूसुद्धा करायला लावली नाही. "साठीतलं इंजिन आहे साहेब, अर्धवट काही करू नका. उतरवू, पूर्ण बांधू. बोअर, पिस्टन, क्रँक, सगळं." दोघंही अनुभवी, दोघंही प्रामाणिक. मित्र मला म्हणाला, "अरे, दोघांतला एक तर चुकतोय ना?"

खरं तर दोघंही चुकत होते, कारण मोजलं दोघांनीही नव्हतं. (शेवटी मीही एका ठिकाणी चुकलो. ते पुढे येईलच.)

एक गोष्ट आधीच सांगतो, वाद नको म्हणून. ब्रिटिश वर्गीकरणात 'विंटेज' म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. त्या हिशेबाने ही मायनर क्लासिक ठरते, विंटेज नाही. पण बोलताना जुन्या गाडीला सगळेच विंटेज म्हणतात, आणि प्रश्न दोन्हीकडे तोच असतो.

हे इंजिन कसलं आहे

मायनरमधलं हे इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ए-सीरीज. १९५१ साली ऑस्टिन ए-३० मध्ये ते ८०३ सीसीचं आलं आणि १९५६ मध्ये मायनर १००० साठी ९४८ सीसीचं झालं. बोअर (सिलेंडरचा व्यास) ६२.९४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७६.२. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, तीन मेन बेअरिंगं. बाजूला एक कॅमशाफ्ट, तिथून पुशरॉड आणि रॉकर. सिलेंडरची भोकं, म्हणजे बोअर, थेट ब्लॉकमध्येच कापलेले, सुटे लाइनर (आत बसवायच्या नळ्या) नाहीत. शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा निर्णय त्याच्याभोवतीच फिरतो.

सुटा लाइनर असता तर घासलेला काढून नवा बसवला की झालं. इथे तसं नाही. बोअर घासला की तो मोठा करायचा आणि त्याच मापाचा मोठा पिस्टन घालायचा. पहिल्यांदा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग चाळीस. साठपर्यंतही काही जण जातात, पण तिथे भिंत पातळ होत जाते आणि मशीनवाले हात आखडता घेतात. त्यानंतर उरतो तो ब्लॉक कापून आत लाइनर दाबून बसवण्याचा मार्ग. थोडक्यात, प्रत्येक बोअरिंग म्हणजे ब्लॉकमधला थोडा धातू कायमचा खर्च. क्रँकचंही (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा दांडा) तेच. दहा थाऊ, वीस, तीस, चाळीस, मग संपलं. म्हणून "सगळं नवं करून टाका" हा सल्ला मला जुन्या इंजिनाच्या बाबतीत कधीच सुरक्षित वाटत नाही. तो उदार वाटतो, पण उधळपट्टी असते ती ब्लॉकच्या जिवावर.

उलट बाजूही तितकीच खरी. वरवरचं काम करून खालचं घासलेलं तसंच ठेवलं, तर सहा महिन्यांत तेच इंजिन पुन्हा उघडावं लागतं. मेस्त्री लोक म्हणतात, "वरचं नवं केलं की खालचं बोलायला लागतं." त्यात तथ्य आहे. कॉम्प्रेशन कमी असतं तेव्हा बेअरिंगवर धक्काही हलका बसतो आणि ढिला भाग गप्प राहतो. कॉम्प्रेशन परत आलं की ठोका ऐकू येतो.

न उघडता काय कळलं

धुरापासून सुरुवात केली. धूर निळा आहे एवढ्यावर "रिंगा गेल्या" म्हणणं घाईचं. तो कधी येतो ते पाहायला हवं. मित्राला उतारावर गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी येऊ द्यायला सांगितली आणि मी मागून दुसऱ्या गाडीत बसलो. खाली पोचून त्याने पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि भसकन निळा ढग आला. मग चढावर पूर्ण दाबून चालवायला सांगितली, तर धूर होता, पण विरळ. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि व्हॉल्व्हच्या ढिल्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) ऑइल खाली खेचलं जातं. ते साचतं आणि पुढच्या दाबाला जळतं. रिंगांचा धूर मात्र ताकद मागितली की वाढतो. म्हणजे इथे मुख्य दोष गाइड आणि व्हॉल्व्हवरच्या रबरी सीलचा, रिंगांचा थोडा. सात वर्षांत ती रबरं बांगडीसारखी कडक झाली असणार.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे असे आले: एक नंबरला १३८ पौंड (दर चौरस इंचाला), दोनला ८२, तीनला ७८, चारला १४०. मित्राचा चेहरा पडला. "दोन सिलेंडर गेले." मी प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा घासलेल्या असतील तर ऑइल फट बुजवतं आणि आकडा चांगला वर येतो. एक आणि चार दहाबारा पौंडांनी चढले. दोन आणि तीन जागचे हलले नाहीत, ८६ आणि ८०.

शेजारशेजारचे दोन सिलेंडर, दोन्ही सारखेच पडलेले, आणि ऑइल घालून फरक नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: दोघांच्या मधली हेड गास्केटची पट्टी जळली आहे. खात्रीसाठी दोन नंबरच्या प्लगच्या भोकातून हवेचा दाब दिला आणि तीनच्या भोकावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली फुर्रकन हवा लागली. ए-सीरीजला मधल्या दोन सिलेंडरचं एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून निघतं, त्यामुळे हेडचा तो भाग सर्वांत तापतो. गास्केट नेमकी तिथेच जळलेली मिळाली यात नवल नाही.

म्हणजे चढावर दम नव्हता तो गास्केटमुळे आणि धूर गाइडमुळे. इथपर्यंत पहिल्या मेस्त्रीचं पारडं जड. हेड काढा, दुरुस्त करा, लावा. रिंगांचीसुद्धा घाई नाही.

पण ऑइलचा दिवा राहिला होता.

मायनरमध्ये ऑइलचा गेज नसतो, फक्त दिवा. इंजिनावरचा दिव्याचा स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावला. थंड इंजिनला ६० पौंड. अर्धा तास चालवून, गरम असताना रस्त्यावर ३८. गरम असताना स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) ७. या इंजिनाला चालत्या गाडीत ६० आणि स्लोवर १५ च्या आसपास हवेत. सात म्हणजे ऑइल कुठून तरी फार सहज निसटतंय. पंप घासला असेल, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली असेल, चेंबरमधली (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) जाळी गाळाने भरली असेल, नाहीतर बेअरिंगमधली फट वाढली असेल. पहिल्या तीन गोष्टी किरकोळ. चौथी तशी नाही.

आवाज ऐकला. स्लोवर नीट काही कळेना, पण हलका दाब देऊन धरला की पोटातून बारीक 'टक-टक' येत होती. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तीन नंबरची काढली आणि टकटक जवळजवळ थांबली. ज्या सिलेंडरचा स्फोट बंद केल्यावर ठोका दबतो, त्याचा बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो ते टोक) संशयित.

आणखी एक तपासणी केली, ती फार सोपी असूनही सहसा कुणी करत नाही. इंजिन बंद ठेवून मित्राला क्लच दाबायला-सोडायला सांगितलं आणि मी समोरून क्रँकच्या पुलीकडे बॅटरी मारून बघत राहिलो. पुली पुढे-मागे हलताना डोळ्याला दिसत होती. डायल गेज लावला तर ०.२० मिलिमीटर. इथे ०.०५ ते ०.०८ अपेक्षित आहे. मधल्या मेन बेअरिंगच्या दोन बाजूंना अर्धचंद्रासारखे थ्रस्ट वॉशर असतात, ते घासले होते. हे दुर्लक्षित राहिले तर वॉशरची चकती निसटून चेंबरमध्ये पडू शकते. मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि तो ब्लॉक पुन्हा कामाचा करणं अवघड होऊन बसतं.

चेंबर उतरवल्यावर

चेंबर काढला. तळाशी काळा लोण्यासारखा गाळ, बोटाच्या एका पेराइतका. जुनं ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळलं आणि कापड उन्हात धरलं. आत बारीक चंदेरी कण होते. त्यावर चुंबक फिरवला. थोडे चिकटले, बरेच तसेच राहिले. चिकटतं ते पोलाद किंवा लोखंड, न चिकटणारं चमकदार बहुधा बेअरिंगचा मुलामा. मित्र म्हणाला, "किती दिसतंय ते!" कापडावर ते नेहमीच जास्त दिसतं. पण होतं हे खरं.

तीन नंबरची बिग एंडची टोपी सोडली. या इंजिनात कनेक्टिंग रॉडची फाळणी आडवी नाही, तिरकी असते, त्यामुळे पाना लावायला जरा मान वाकडी करावी लागते. शेलवरचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावरचा) करडा थर मधोमध गेला होता, खालचा तांबूस रंग दिसत होता. क्रँकच्या पिनवर नख आडवं फिरवलं तर अडकलं. दोन ठिकाणी.

मायक्रोमीटर लावला. पिनचं मूळ माप ४१.२८ च्या जरा वर. एक, दोन आणि चार नंबर ४१.२६-४१.२७, गोल. तीन नंबर एका दिशेने ४१.२५, काटकोनात ४१.२०. पाच शतांश मिलिमीटर अंडाकृती. मी अडीच शतांशाला थांबतो. त्यापुढे नवं शेल घालून उपयोग नाही. शेल गोल, पिन लंबगोल, फट एका बाजूला नेहमीच जास्त. महिन्याभरात परत तेच. मेन जर्नल (क्रँकचे ब्लॉकमध्ये फिरणारे भाग) मात्र तिन्ही चांगले होते, नुसती शेलं बदलण्याजोगे.

इथे निर्णयाची रेघ ओलांडली गेली. क्रँक ग्राइंड करायचा म्हणजे इंजिन उतरवावंच लागणार. आता दुसऱ्या मेस्त्रीचं पारडं जड. तो आलाही होता बघायला, आणि जुन्या गाड्यांच्या कामातलं सर्वांत महागडं वाक्य तो बोलला: "आता उतरवतोच आहात तर..."

'आता उतरवतोच आहात तर'

या वाक्याला तर्क आहे हे मान्य करायला हवं. इंजिन उतरवणं-चढवणं हे स्वतंत्र काम आहे. ब्लॉक जमिनीवर आलाच आहे, पिस्टन बाहेर आलेच आहेत, तर बोअर करून नवे पिस्टन घातले की पुढची चिंता मिटली. अर्धवट ठेवून दोन वर्षांनी पुन्हा उतरवायचं म्हणजे तीच मेहनत दुप्पट. रोज धावणाऱ्या गाडीसाठी मीही हेच सांगितलं असतं.

पण आधी बोअर काय म्हणतात ते पाहू म्हटलं.

हेड काढलं. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड थर. पितळेच्या पट्टीने एक नंबरचा थर खरवडायला घेतला. कडेपासून मधे येताना एक आकडा उमटला: ०२०. फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन पुसलं. स्पष्टच होता. उरलेल्या तिघांवरही तोच. म्हणजे हे इंजिन एकदा बांधून झालेलं होतं. मामांच्या काळात की त्यांच्याही आधी, कुणास ठाऊक. मीटरवर ४३ हजार मैल दिसत होते आणि मित्र तो आकडा सगळ्यांना अभिमानाने सांगत होता. हे मीटर पाच आकडी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं. "४३ नाही रे, बहुतेक एक लाख ४३ हजार," मी म्हटलं. तो काही बोलला नाही. (जाता जाता: वीस थाऊ वाढवल्यावर ९४८ चं इंजिन प्रत्यक्षात जवळपास ९६४ सीसीचं होतं. याने त्याचं थोडं समाधान झालं.)

पण या आकड्याने हिशेब बदलला. वीस वापरून झाले. आत्ता बोअर केला तर चाळीस. त्यानंतर फार तर एक संधी, तीही मशीनवाल्याच्या मर्जीवर. तेव्हा प्रश्न "बोअर करणं चांगलं की वाईट" असा राहिला नाही. "ही संधी आत्ता खर्च करण्याइतका बोअर घासला आहे का" असा झाला.

बोअर गेजने प्रत्येक सिलेंडर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजला. तळाशी, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे ६३.४६. वरच्या टोकाजवळ, रिंगा जिथून उलट फिरतात तिथे, क्रँकच्या आडव्या दिशेने सर्वांत जास्त घास: एकला ०.०६, दोनला ०.०८, तीनला ०.०९, चारला ०.०७. एवढ्या लहान बोअरला ०.१० पर्यंत मी रिंगांवर भागवतो. ०.२० च्या पुढे बोअरिंगशिवाय चर्चा करत नाही. मधल्या पट्ट्यात गाडी कशी वापरणार ते विचारतो.

०.०९ म्हणजे नेमकं काय, ते रिंगेच्या फटीत दिसतं. नवी रिंग तळाच्या न घासलेल्या भागात सरळ बसवून फीलर गेजने तोंडाची फट पाहिली, ०.३० आली. बोअरचा व्यास ०.०९ ने वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट, म्हणजे ०.२८ ने वाढतो, आणि ती सगळी वाढ रिंगेच्या तोंडात उघडते. म्हणजे तीच रिंग वर पोचली की फट ०.५८. आदर्श नाही. पण दोन रिंगांची तोंडं विरुद्ध दिशांना ठेवली, तर रविवारच्या गाडीला ते चालून जातं. पिस्टनच्या खाचेत रिंगेला उभी फट ०.०७ होती, तीही चालण्याजोगी. तिथे जास्त आली असती तर पिस्टन बदलावेच लागले असते, आणि पिस्टन बदलायचे तर बोअरही करा, असं मीच म्हणालो असतो.

मग तीन नंबरमध्ये हात घातला आणि थांबलो. खालच्या बाजूला, चेंबरच्या तोंडाजवळ, गंजाची एक आडवी पट्टी होती. सात वर्षं दोन आणि तीन नंबरचे पिस्टन तळाशी उभे होते, तीनचा व्हॉल्व्ह किंचित उघडा असावा. दमट हवा आत येऊन वरच्या रिंगेच्या माथ्यावर ओल साचत गेली. भिंतीवरचे वरचे डाग होनिंगच्या (भिंत बारीक दगडाने हलकी घासण्याच्या) पहिल्या दोन फेऱ्यांत निघून गेले, पण या पट्टीत खड्डे राहिले. शिवणकामाची सुई घेतली आणि टोक भिंतीवरून वर-खाली ओढत गेलो. वर गुळगुळीत. पट्टीशी आली की खरखर, दोन-तीन ठिकाणी टोक अडकायचं. पट्टीची उंची जेमतेम तीन मिलिमीटर.

दुसऱ्या मेस्त्रीने सुई हातात घेतली, स्वतः फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आता तरी बोअर करा." हा त्याचा सर्वांत सबळ मुद्दा होता. खड्डे जर वरच्या तिसऱ्या भागात असते तर मी निमूट बोअर केला असता. स्फोटाचा सगळा दाब पिस्टन वर असताना असतो, तिथे खड्ड्यातून गॅस खाली जातो आणि ऑइल वर. पण पिस्टन तळाशी पोचेपर्यंत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो, दाब गेलेला असतो. तिथल्या खड्ड्यांत थोडं ऑइल साचेल, फार तर. रिंगेची कड त्यावरून जाताना थोडी लवकर झिजेल. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो पटल्यासारखा मान हलवत होता, पण त्याला पटलं नव्हतं. अजूनही नाही.

मित्राला एकच प्रश्न विचारला: वर्षाला किती चालवणार? तो म्हणाला, "दीड हजार किलोमीटर. पाऊस असेल तर तेही नाही."

काय केलं, काय नाही केलं

क्रँकच्या चारही बिग एंड पिना दहा थाऊ अंडरसाइझ केल्या. एकट्या तीन नंबरची करता आली असती, पण मग एका क्रँकवर दोन मापांची शेलं, आणि पुढच्या माणसाला कोडं. मेन जर्नलला हात लावला नाही, नवी स्टँडर्ड शेलं घातली. थ्रस्ट वॉशर नवे. क्रँकमधली ऑइलची भोकं तारेने आणि पेट्रोलने साफ केली. तीन नंबरच्या भोकातून वाळलेल्या गाळाची गोळीच निघाली, आणि तीच पिन का गेली याचं उत्तर बहुधा तिथेच होतं. ऑइल पंप नवा.

बोअर ठेवले. फक्त तिरप्या रेघा येतील असं होनिंग, म्हणजे नव्या रिंगा नीट बसतात. वरच्या टोकाला न घासलेल्या भागाची जी कड उरते, तिच्यावर नव्या रिंगेची धारदार कड आपटून रिंग तुटू शकते, म्हणून पायरी काढलेली वरची रिंग मागवली. हे विसरून साध्या रिंगा घातलेली इंजिनं मी तुटलेल्या रिंगांसकट उघडलेली आहेत.

हेडला फेस मारला (तळ सपाट करून घेतला), गाइड बदलल्या, रबरं नवी. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बसायची जागा आत गेलेली मिळाली. हे हेड शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं. शिसं त्या जागेवर एक पातळ संरक्षक थर धरून ठेवायचं. ते गेल्यावर नुसत्या बिडाची सीट हळूहळू खाली झिजते आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. चारही एक्झॉस्टना कडक धातूच्या सीट बसवल्या. यावर कुणाचाच वाद नव्हता.

मोठ्या, १०९८ किंवा १२७५ सीसीच्या ए-सीरीजचा तयार सेट टाकायचा मार्गही मधे सुचवला गेला. मायनरवाले तो सर्रास घेतात आणि गाडी पळतेही छान. मामांच्या गाडीत मामांचंच इंजिन हवं, असं मित्र म्हणाला. तो विषय तिथेच संपला.

हजार किलोमीटरनंतरचे आकडे: कॉम्प्रेशन १४८, १४५, १४३, १४८. ऑइलचा दाब गरम असताना रस्त्यावर ५५, स्लोवर १८. पंधराशे किलोमीटरला लिटरभर ऑइल. धूर नाही. मागच्या बाजूने थेंब मात्र पडतातच. या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच, ऑइल मागे ढकलणारे आटे कापलेले आहेत. गाडी चालू असताना ते काम करतात, उभी राहिली की थेंब टाकतात. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, दुसरा इलाज नाही.

माझी चूक

तेराशे किलोमीटरच्या सुमाराला मित्राचा फोन आला, "वरून टिकटिक येतेय." टॅपेट बारा थाऊला लावून दिले. आठवड्यात पुन्हा तेच. चार नंबरच्या एक्झॉस्टची फट परत वाढलेली. मग ब्लॉकच्या बाजूचं छोटं झाकण काढलं, पुशरॉड उचलला आणि कॅमवर चालणारा फॉलोअर बाहेर काढला. त्याचा तळ सपाट हवा होता. त्याऐवजी बशीसारखा खोलगट झाला होता, आणि त्यात पिंपळपानासारखे खवले. डायल गेजने त्या कॅमची उचल मोजली, इतरांपेक्षा ०.४ मिलिमीटर कमी.

हे मला आधीच दिसायला हवं होतं. ९४८ च्या ब्लॉकला बाजूला झाकणं असतात ती याचसाठी. इंजिन उतरवायच्याही आधी, दोन बोल्ट काढून आठही फॉलोअर बघता आले असते. आम्ही क्रँक आणि बोअर यांच्या शतांशांत इतके गुंतलो की कॅमकडे नजरच गेली नाही. ब्लॉक बाकावर उघडा पडलेला असताना मी तेच फॉलोअर पुसून जागच्या जागी घातले होते. भर म्हणून नव्या रिंगा बसेपर्यंत मित्राने आधुनिक पातळ ऑइल भरलं होतं. त्यात या सपाट फॉलोअरना लागणारं झिंकचं संयुग कमी असतं. ते मी विचारलंच नव्हतं. आता २०डब्ल्यू-५० आहे, जुन्या इंजिनांसाठीचं. पण गेलेला कॅम ऑइलने परत येत नाही. घासलेल्या कॅमवर नवे फॉलोअर घालण्यातही अर्थ नाही, तो त्यांना खाऊन टाकेल. नवा कॅम आणि आठ फॉलोअर, दोन्ही एकदमच घालायला हवेत. त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवणंच सोयीचं.

दुसऱ्या मेस्त्रीला कळवलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

कॅम आला आहे, खोक्यात तेल लावून ठेवलाय. पुढच्या महिन्यात इंजिन उतरवू. परवा मित्र सहज म्हणाला, "अरे, आता उतरवतोच आहोत तर बोअर पण..."

"बोअर गेज घेऊन येतो," मी म्हटलं.